आधी माझं बोट

मधुमेहींच्या संस्थेच्या शिबिरात मी माझ्या नंबरची वाट बघत होतो. माझ्यापुढची चिमुरडी हात पाठीमागे लपवून उभी होती. तपासणाऱ्या काकूंनी सुई घेतली आणि आधी स्वतःच्याच बोटाला टोचली.

"बघ, माझं झालं. आता तुझं?"

संस्था म्हणे अशीच सुरू झाली. एक आई लेकीला टोचण्याआधी स्वतःला टोचून घ्यायची. तिला तशाच आया भेटत गेल्या. आज देशभर शाखा आहेत, पण संस्थेचा जीव अजून त्या आईच्या बोटातच आहे.

मुलीने हात पुढे केला. काकूंनी नव्या सुईने टोचलं, वर फुंकर घातली. मुलीने डोळे पुसले आणि काकूंचं बोट धरलं.

"तुमच्यावर कुणी फुंकर घातलीच नाही," म्हणाली, आणि गाल फुगवले.