दिवेलागणीनंतरची एसटी

बोरीच्या स्टँडवर त्या दिवशी परभणीची एसटी यायचं नावच घेईना. मला पुढे हैदराबादची रेल्वे धरायची होती, तरी माझं लक्ष रस्त्याकडे कमी आणि उन्हाकडे जास्त. मला सोडायला माझा मोठा भाऊ, दादा, पेटी डोक्यावर घेऊन आला होता. दादाला दिवसा दिसायचं. ऊन उतरलं की दिसेनासं व्हायचं. म्हणूनच घरून निघताना आईने मला सोडून त्यालाच बजावलं होतं, "दिवे लागायच्या आत घरी ये रे बाबा."

"तू जा की आता," मी त्याला किती वेळा म्हटलं.

"काहून घाई करायलीस? वाट पाठ हाय मला."

एसटी आली तेव्हा सूर्य बुडाला होता. खिडकीतून मागे वळून पाहिलं, तर दादा स्टँडच्या भिंतीला हात लावत लावत घराकडे निघालेला. घर सोडताना रडू येतं म्हणतात. मला संताप आला. कुणाचा, ते मात्र परभणी आली तरी कळलं नाही.

गाव सोडून गेलेल्यांना हे सांगायला नको, की आपण सोबत कपडे नेतो, भांडी नेतो आणि एखादी अशी पाठमोरी व्यक्तीही नेतो. गावात राहिलेल्यांना सांगते, आम्ही तिकडे मजेत असतो हे खरं आणि तुमच्यात अडकलेले असतो हेही खरं.

दादाच्या डोळ्यांची कारणं गावात ज्याची त्याची वेगळी होती. कुणी पालेभाजी कमी पडली म्हणायचं, कुणी कुणाची तरी नजर लागली म्हणायचं. परभणीच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, त्यावर औषध नाही, असं सांगून टाकलं. आईचं कारण तिचं स्वतःचं होतं. दादा पोटात असताना ग्रहणाच्या वेळी तिने विसरून विळी हातात घेतली होती. तिला कुणी बोल लावला नाही. त्याची गरजच नव्हती, ते काम ती स्वतःच करायची. रोज संध्याकाळी दादा चाचपडत उंबऱ्यापाशी आला, की ती पदराला हात पुसत पुटपुटायची, "माझ्याच हातानं झालं."

हैदराबादने मला लवकर आपलंसं केलं. निजामाच्या काळापासून आमच्या घरात रुळलेले निम्मे शब्द तिथल्या रस्त्यावर ऐकू यायचे, फक्त जरा ठसक्यात. आता मी भात खाते, भाकरी रविवारी इंडक्शनवर फुगवते आणि दिवसभर डेटा, सर्व्हर, पाइपलाइन असलं काहीबाही बोलते. माणसाच्या रक्तातून त्याच्या जनुकांचा मजकूर वाचून काढतात, कॉम्प्युटर तो इतरांच्या मजकुराशी ताडून पाहतो, आणि असंख्य निरुपद्रवी फरकांतून आजाराचा फरक शोधायचा, हे माझं काम. आईने एकदा फोनवर विचारलं, "दिसभर करतीस तरी काय तिथं?" मी समजावलं. ती म्हणाली, "म्हंजी निवडायलीस. सुपातल्या जवारीतनं खडा काढावा तसं." इतक्या थोडक्यात माझं काम मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

पुढे दादाचं लग्न झालं आणि वहिनीला दिवस गेले, तेव्हा त्या सुपात आमचंच घर आलं. वहिनी म्हणजे आमच्या मामाची मुलगी. एका नेत्र रुग्णालयाच्या अभ्यासात घरच्या सगळ्यांनी रक्त दिलं आणि ते नमुने आमच्याच ऑफिसात आले. दादाच्या डोळ्यांमागचा जनुकातला दोष त्याला आई आणि बाबा दोघांकडून आला होता. जनुकाच्या दोन प्रतींपैकी प्रत्येकाची एकच सदोष असल्याने त्या दोघांना त्रास नव्हता. दादाच्या दोन्ही सदोष, म्हणून तो बाळाला तशी एक देणार हे नक्की होतं. वहिनीकडेही तशी एक असली, तर बाळाची नजर दादासारखीच जाण्याची निम्मी भीती. मामा आईचाच भाऊ, त्यामुळे ती भीती काही उगाच नव्हती.

घरच्यांचं काम मी स्वतः करायचं नाही, म्हणून ते माझ्या सहकारी, कोलकात्याच्या शर्मिलाकडे होतं. एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "तुझ्या वहिनीचा नमुना बाद करावा लागेल. नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते. मामेबहिणीच्या मानाने तिचं दादाशी नातं फारच जवळचं येतंय."

नमुना बाद म्हणजे उत्तरही गेलं, आणि वहिनीला तर सातवा लागलेला. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि मी हसत सुटले. मी शर्मिलाला नुसतं "मामाची मुलगी" एवढंच सांगितलं होतं. ती आत्याचीही मुलगी आहे, हे सांगायचं राहिलं होतं. आमच्याकडे साटंलोटं झालेलं: आई या घरात आली आणि बाबांची बहीण मामाच्या घरात गेली. आमच्या गावात हे कुणी कुणाला समजावत नाही. मामाच्या मुलीशी लग्न हेच शर्मिलाला पचत नव्हतं. हे ऐकून ती खुर्चीत बसलीच. तिने वंशावळीत एक रेघ वाढवली, हिशोब पुन्हा लावला आणि नातं तंतोतंत जुळलं. नमुना वहिनीचाच होता.

आणि त्यात तो दोष नव्हता. रुग्णालयाने दुसरीकडून खात्री करून घेतली, दादा-वहिनीला बोलावून सांगितलं: या दोषाने बाळाची नजर जाणार नाही. मी जिन्यात जाऊन मनसोक्त रडले. बोरी सोडताना राहिलेलं ते रडू असावं.

मग आईला फोन केला. दादाला हे कसं आलं, बाळाला का येणार नाही, सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "म्हंजी... विळीचं काईच न्हवतं?"

"काहीच नव्हतं, आई."

"लय वर्सं वाया गेली बाई," ती म्हणाली, आणि तिचा असा मोकळा श्वास मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

दादाची नजर परत आली नाही. आता दिवसाही त्याला कमीच दिसतं. त्याचं दुःख आहे, ते राहणार. पण पूर्वी गावी जाताना मी मुद्दाम दुपारची एसटी धरायचे, दादाला स्टँडवरून उजेडात परतता यावं म्हणून. आता संध्याकाळची धरते. खाली उतरते तेव्हा अंधार पडलेला असतो, आणि स्टँडच्या भिंतीशी दादा उभा असतो. त्याचा हात भिंतीवर नसतो. त्याचं बोट धरून त्याची पोर उभी असते आणि मोठ्यांच्या थाटात त्याला सांगते, "बाबा, आत्या आली बगा. इकडून चला, हितं खड्डा हाय."

मी पिशवी उचलते आणि त्या दोघांच्या मागून घरी जाते.