चाचांच्या मिलिंगला कॉम्प्युटर

मशिनीखाली लोखंडाचा कीस साचतो ना, तसे आमच्या चौसाळ्याच्या वर्कशॉपात किस्से साचतात. झाडायला कुणाला वेळ न्हाई. खरं सांगू, त्यातले हसायचे थोडेच. तरी ऐका.

गफूरचाचा आमचे मिलिंगवाले, म्हंजी लोखंड तासायच्या मशिनीवरचे. हँडल फिरवण्यात उभा जन्म गेला त्यांचा. मग लकवा आला न् उजवा हात गेला. दवाखान्यातून थेट वर्कशॉपात आले. मालकाला म्हणाले, "अण्णा, काय बी कर, मला घरात बसवू नको. मरून जाईन!"

अण्णा तोंडाचे फटकळ. "मरा की! पण आधी ऑर्डरी पुऱ्या करा!"

आणि लगेच मला बोलावून म्हणाले, "ह्या मशिनीला कॉम्प्युटर बसवायचा. चाचा बसून बटन दाबतील."

"अण्णा, मी वायरमन हाय. घरांच्या वायरिंगी करतो."

"मग हिच्यात काय सुतळ्या हायत का?"

*

हँडलं निघाली, मोटारी आल्या. कापायचा लोखंडाचा तुकडा, म्हंजी जॉब, ज्याच्यावर बांधतात ते मशिनीचं टेबल वरखाली करायचा जुना स्क्रू काढून पुण्याहून नवा मागवला. लई गुळगुळीत! इतका, की लाईट गेली की टेबल आपल्याच वजनानं खाली यायचं. आणि आमच्याकडं लाईट जायला काय कारण लागतं?

एकदा अण्णांनी टेबलाखाली स्टुलावर जेवणाचा डबा ठेवला. लाईट गेली, टेबल सावकाश उतरलं, डबा चपटा! अण्णांच्या शिव्या सुरू झाल्या.

चाचा म्हणाले, "तिच्यातली बी ताकद गेली, अण्णा. माझ्यासारखीच."

आमी हसलो, पण हसून बरं वाटलं न्हाई. मग मी ब्रेकवाली मोटार बसवली.

*

खंडेनवमीला मशिनीला हार चाचांनीच घालायचा, हळदकुंकू अण्णांच्या मंडळींनी लावायचं, ही आमची रीत. त्या साली बी तसंच झालं. दसरा झाला आणि मशीन सुरूच होईना! कॉम्प्युटर देणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला.

"मशिनीत काही बदल केला का?"

"न्हाई," अण्णा ठामपणे म्हणाले.

वायर न् वायर सोडून बघितली. शेवटी मला सेन्सरच्या काचेवर कुंकू दिसलं. चांगलं ठसठशीत!

"वहिनी, हितं कावून लावलं?"

"मला वाटलं, तेच तिचं कपाळ!"

इंजिनिअर फोनवर चिडला, "बदल नाही म्हणालात ना?"

अण्णा उलट त्याच्यावरच, "पूजेला बदल म्हणतेत का बे?"

*

शेवटी मशीन पुरी तयार झाली. चाचांनी डाव्या हातानं बटन दाबलं, मशिनीनं सगळा जॉब आपला आपण कापला. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. चाचांचं तोंड एवढंसं झालं.

"ही तर मला इचारतच न्हाई," म्हणाले. लई वाईट वाटलं मला.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "काम अर्ध्यात थांबलं पाहिजे. चाचांनी बघायचं, बटन दाबायचं, मगच पुढं."

"अण्णा, गरज न्हाई त्याची. वेळ फुकट जाईल."

"जाऊ दे! टाक म्हणलं ना!"

टाकलं. तवापासून अर्ध्यात मशीन थांबायची, पिवळा दिवा लागायचा. चाचा चष्मा लावून डाव्या अंगठ्यानं जॉब चाचपायचे, "हां, चल बाई," म्हणून बटन दाबायचे. तेवढ्यावर माणूस पुन्हा हुशारीत आला.

परवा चाचा आले न्हाईत. अण्णांनीच जॉब लावला. मशीन चालू असताना चाचांच्या पोराचा फोन आला. अण्णांनी ऐकला, खिशात ठेवला.

"चाचा गेले," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात मशीन थांबली, पिवळा दिवा लागला. निघायच्या आधी जॉब तरी पुरा होईल म्हणून मी बटनाकडं हात नेला.

"हात काढ बे!" अण्णा ओरडले. "चाचांनी बघितलं न्हाई अजून."