मंचरच्या कॅफेतला न वाचता येणारा मेल

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र सुटं राहिलं आहे, आणि त्यात ना गुन्हा दाखल झाला, ना कुणाला अटक.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी मंचरला सहायक निरीक्षक होतो. बाजारपेठेत सायबर कॅफे नवे होते, आणि संशयास्पद काही दिसलं तर कळवा, असं आम्ही प्रत्येक कॅफेवाल्याला सांगून ठेवलं होतं. एका गुरुवारी सकाळी, हजेरी चालू असतानाच, त्यांच्यापैकी एकाचा फोन आला.

"साहेब, एक म्हातारा आठवडाभर येतोय. एकच मेल उघडतो आन् नुसता बघत बसतो. भाषा कुठली ते कळत नाय. आत्तापण बसलाय."

हवालदारांना पाठवलं. ते साठीच्या एका गृहस्थांना घेऊन आले. पायजमा, सदरा, हातात रेक्झिनची पिशवी. खिशातून त्यांनी स्वतःच मेलचा प्रिंट काढून टेबलावर ठेवला. डोक्यावर छत्री धरलेले इंग्रजी ए आणि ओ, पौंडाची खूण, उलटी प्रश्नचिन्हं. पानभर तेच.

"साहेब, कोड हाय हा," हवालदार माझ्या कानाशी म्हणाले.

मी चौकशी सुरू केली. गाव पिंपरी पेंढार. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. पत्नी वारलेली, मुलाकडे राहतात.

"आळेफाट्याला कॅफे आहे, नारायणगावला आहेत. ते सोडून इतक्या लांब का येता?"

"हितं मला कोण वळखत नाय म्हणून."

"मेल कुणाचा?"

"ते नाय सांगनार."

हवालदारांनी दरडावून पासवर्ड विचारला. "तो पण नाय. पायजे तर बसवून ठेवा मला."

खोटं बोलणारा माणूस उत्तरं देतो. न विचारलेल्या गोष्टींचीही देतो. हे गृहस्थ काहीच रचत नव्हते, फक्त नकार देत होते. आणि तो चुरगळलेला कागद तळहाताने पुन्हा पुन्हा सपाट करत होते. कटातला कागद कुणी असा जपत नाही. मी हवालदारांना चहा सांगायला बाहेर पाठवलं.

"काका, यात लिहिलंय तरी काय?"

"मलाच ठावं नाय, साहेब. तेच तर समजंना झालंय," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुण्याच्या दवाखान्यात त्यांची पत्नी आजारी असताना शेजारच्या खाटेवर संगमनेरचे एक गृहस्थ होते. त्या गृहस्थांची बायको आणि हे काका, दोघं आपापल्या माणसाचं करत तिथं राहिले. एकमेकांचे डबे वाटून खाल्ले. दोघांचीही माणसं गेली. पुढे वर्षश्राद्धं झाली, अधूनमधून फोन होत राहिले, आणि गेल्या महिन्यात यांनी धीर करून लग्नाचं विचारलं. बाई भावाच्या छापखान्यात लग्नपत्रिका टाइप करायच्या. त्या म्हणाल्या, फोनवर हे बोलवत नाही, दुकानात माणसं असतात. पत्र पाठवलं तर तुमच्या घरी फोडतील. मेल काढा, त्यावर लिहीन.

"कॅफेवाल्याकडून मेल काढून घेतला. तिचा आला. आन् ह्यो असा आला. दोनदा फोन केला, भावानं उचलला. काय बोलनार? ठेवून दिला. व्हय म्हणली का न्हाई, तेवढं जरी कळलं असतं..."

छापखाना म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. महिन्याभरापूर्वीच ठाण्यातून मराठी अहवालाची फ्लॉपी जिल्ह्याला गेली होती आणि तिकडून फोन आला होता, "हे काय, रांगोळी पाठवलीत का?" त्या काळी मराठी फॉन्ट प्रत्येक कंपनीचा वेगळा. एकाच्या फॉन्टमध्ये जिथं 'क', तिथं दुसऱ्याच्यात भलतंच अक्षर; आणि ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, तिथं ही छत्रीवाली इंग्रजी. सगळ्या कॉम्प्युटरना आणि ब्राउजरना मान्य अशी एक पद्धत निघाली होती, पण ती आमच्या भागात पोचली नव्हती.

ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर दोन कंपन्यांचे फॉन्ट होते; ते फ्लॉपीवर घेऊन मी काकांबरोबर कॅफेत गेलो. कॅफेवाल्याला गल्ल्यावर थांबायला सांगितलं.

"काका, पासवर्ड तुम्ही टाका. मी तिकडं बघतो."

मी भिंतीकडे तोंड केलं. एकेक बटण शोधून दाबल्याचा आवाज येत होता. ब्राउजरने पासवर्ड लक्षात ठेवू का असं विचारलं, तेव्हा 'नको' कुठं आहे ते दाखवलं. मजकूर उचलून दुसऱ्या पानावर घेतला. पहिला फॉन्ट लावला, अक्षरं देवनागरी झाली पण अर्थ लागेना. दुसरा लावला, आणि मराठी उमटलं.

"तुम्हाला काय म्हणून हाक मारू ते ठरत नाही, म्हणून नुसतीच सुरुवात करते. फोनवर मी गप्प बसले त्याचा राग धरू नका."

तपासापुरतं तेवढं पुष्कळ होतं. मी उठलो आणि केबिनचा पडदा ओढून बाहेर येऊन उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. चष्मा हातात होता. "साहेब, आज गुरुवारच ना?"

"हो."

"उद्या संगमनेरच्या स्टँडवर बोलावलंय. नाय आलो तर माझं मन फिरलं असं धरून ती तिच्या लेकीकडं सुरतेला जाणार." ते भिंतीला टेकले. "आन् मी आठ दिस नुसता बघत बसलो, साहेब. ते हितंच लिवल्यालं व्हतं."

मी आत जाऊन ते पान पुसलं, मेल बंद केला, ब्राउजरमधल्या नोंदी काढून टाकल्या. स्टेशन डायरीत लिहिलं: चौकशी केली, मजकूर खाजगी, आक्षेपार्ह काही नाही. हवालदारांनी ते वाचलं आणि काही न विचारता काकांना संगमनेरवरून जाणाऱ्या नाशिकच्या गाडीत बसवून आले. "खिडकीची जागा धरून दिली, साहेब," एवढंच म्हणाले.

काही महिन्यांनी दोघं ठाण्यात आले. बाई ठेंगण्या, ठसठशीत. खुर्चीवर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"तुम्ही ते वाचलंत का?"

"पहिल्या दोन ओळी."

"पुढचं नाही ना?" त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "मग बरं झालं. पुढं लईच वेड्यासारखं लिवलं होतं मी."

काका खिडकीबाहेर बघत हसत होते.

चौकशीत गप्प राहणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं. ते खरंही आहे. पण लपवण्यासारखं सगळंच गुन्ह्यात मोडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे कॉम्प्युटरची प्रकरणं वाढली, माणसांची सगळी पत्रं, फोटो आमच्या टेबलावर येऊ लागले. हाताखालच्या पोरांना मी एकच सांगत गेलो: तपासाला लागेल तेवढं वाचा, आणि पुढची ओळ दिसत असली तरी उठा.