अकरा वेचण्यांचा खुनी

पेडगावच्या शिवारात बायनाबाई कापूस काही फार वेचायची नाही. तिच्याहून चपळ हाताच्या चार-पाच जणी गावात होत्या. पण दसरा सरला की व्यंकटरावांचा निरोप पहिल्यांदा तिच्याच दारात यायचा, आणि व्यंकटराव काही उगाच कुणाच्या दारात निरोप धाडणारे मालक नव्हते. बायनाबाई ज्या रानात, तिथं बाया न बोलावता गोळा होतात, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. कारण बायनाबाई वेचता वेचता पिच्चर सांगायची. एकच पिच्चर, दर साली तोच.

सांगण्याची तिची एक रीत होती. कमरेला ओटी बांधून बायांनी आपापल्या पाती, म्हणजे वेचायच्या ओळी, धरल्या की ती सुरू करायची आणि पात संपली की गोष्ट तोडायची. तोडायची ती अशा जागी, की जिन्यावर पावलं वाजतायत, दाराची कडी हलतेय, आणि ही बया पदर सारखा करत पाणी प्यायला निघालीय! मागं राहिलेल्या बाया मग तोंडानं शिव्या देत आणि हातानं बोंडं मोकळी करत तिला गाठायला धावायच्या. पुढच्या पातीला ती कुणासाठी थांबत नसे. व्यंकटराव बांधावर उभे राहून हे बघायचे आणि मिशीत हसायचे. असा मुकादम त्यांना जिल्ह्यात शोधून सापडला नसता.

पिच्चर होता खुनाचा, जुना, काळा-पांढरा. डोंगरातला एक बंगला. त्यात एक म्हातारा सेठ, त्याची विधवा सून, लंगडत चालणारा पुतण्या आणि सगळ्यांना दूध-पाणी देणारी रातांधळी आत्याबाई. दिवस मावळला की त्या बंगल्यात एकेक मुडदा पडायचा. बायनाबाई आवाज पार खाली न्यायची. "रात पडली. बाहीर वारं सुटलेलं. पुतण्या वऱ्हांड्यात फिरायलाय, ठक... ठक... आन् बिचारी आत्याबाई एकलीच कंदिलापाशी तांदूळ निवडत बसलेली. तिला काय ठावं, घरात काय व्हायलंय!" भर उन्हात बायांच्या अंगावर काटा यायचा. शेवटी पुतण्या धरला जायचा आणि वीस-पंचवीस बाया मिळून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. त्यात बायनाबाईची थोरली जाऊ कुसुमबाई, तिची शिवी सगळ्यांत झोंबरी.

आता खरं सांगायचं तर पिच्चरचा शेवट बायनाबाईनं पाहिलाच नव्हता.

परभणीला भाऊ दत्तरावाकडं गेली असताना तिनं तो एकदाच पाहिला, अठ्ठ्याहत्तर साली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेच दिवस. पडद्यावर पुतण्या हातात सुरी घेऊन सेठच्या खोलीचा जिना चढत होता, तेवढ्यात चित्र गेलं, दिवे लागले आणि मॅनेजर ओरडला, गावात गडबड सुरू झालीय, घरं गाठा. दत्तरावानं बहिणीला हाताला धरून गल्ली-बोळांतून घरी नेलं. पुढचे दिवस फार वाईट गेले. कुणी काहीतरी ऐकलं, ते दुसऱ्याला सांगितलं, आणि ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं त्या दलित वस्त्यांमधली घरं ठिकठिकाणी पेटली.

त्या साली वेचणीला कुणी कुणाशी मोकळं बोलत नव्हतं. बायनाबाईला ते गप्प रान सोसवेना, म्हणून तिनं पिच्चर काढला. सांगत सांगत जिन्यापर्यंत आली तर सगळ्या बायांचे कान तिच्याकडं लागलेले. 'पुढचं मी बघितलं न्हाई' म्हणायला जीभ रेटेना. सुरी पुतण्याच्या हातात होतीच, तिनं खून त्याच्या गळ्यात घालून टाकला. बाया खूश झाल्या. पण तेव्हापासून दर साली शेवटची पात आली की ती शेवट घाईघाईनं उरकायची.

एकोणनव्वदच्या वेचणीत व्यंकटरावांनीच हौसेनं बातमी आणली. "बायनाबाई, तुझा पिच्चर परभणीत लागलाय की! उद्या सुट्टी. समद्या जाऊन या."

बायनाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं डोकं दुखायचं निमित्त सांगून पाहिलं, जुनी रिळं तुटकी असतील म्हणून पाहिलं. कुसुमबाई ऐकते थोडीच! "तुझ्याबिगर काय मजा हाय? तुला तर समदा पाठ हाय. तू मधी बस, आमी दोन्हीकडनं बसतो."

झालं. सकाळच्या पॅसेंजरनं चौदा बाया परभणीला गेल्या आणि बाराच्या खेळाला ओळीनं बसल्या. बंगला दिसला तशा त्या माहेरचं घर दिसल्यासारख्या हरखल्या. ह्यो सेठ, ह्यो त्यो मुडदा पुतण्या, अशी एकमेकींना ओळख करून देणं चाललं होतं. बायनाबाई मात्र हात मांडीखाली दाबून बसलेली. जिना आला. अकरा वर्षं जिथं ती अडकली होती, ती पायरी पुतण्यानं ओलांडली. वर सेठच्या खोलीत त्याच्या आधीच कुणीतरी होतं.

पुतण्याला ती सुरी स्वयंपाकघरात सापडली होती आणि तो सेठला सावध करायला धावला होता. त्याच गडबडीत वर आलेल्या सुनेला वाचवताना अंधारात वार त्यालाच लागला आणि पोरगं तिथंच गेलं. मग फौजदारानं आत्याबाईपुढं सूप आणून ठेवलं आणि शांतपणे विचारलं, रात्रीचं तुम्हाला दिसत नाही ना? मग कंदिलाच्या उजेडात हे खडे कुणी वेचले?

"अगं माय! तांदूळ!" भर थेटरात बायनाबाई किंचाळली.

लोक खदखदून हसले. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया हसल्या नाहीत. त्यांनी माना वळवून तिच्याकडं पाहिलं.

परतीच्या गाडीनं परभणी सोडलं. मग कुसुमबाईनं विचारलं, "बायने, तुला ठावं नव्हतं?"

"न्हाई." बायनाबाईनं काही लपवलं नाही. "म्या शेवट बघितलाच नव्हता. त्या दिवशी खेळ बंद पडला. अकरा वर्सं न बघता म्या एका माणसाला खुनी केलं."

"आन् आमी त्याला शिव्या घातल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

रात्रभर तिच्या डोळ्यापुढून खुनी आत्याबाईचं ते सूप हलेना. काय माणूस असेल तो पिच्चर बनवणारा! रातांधळी बाई दिव्याजवळ तांदूळ निवडतेय, हे त्यानं उघड्यावर दाखवलं होतं. बायनाबाईनं ते स्वतःच्या तोंडानं दर साली सांगितलं होतं आणि रोज सूप हातात घेणाऱ्या पंचवीस बायांनी ते दर साली ऐकलं होतं. निवडणं इतकं रोजचं, की तिकडं बघतंय कोण? पिच्चर कुठंच खोटं बोलला नव्हता. खोटं बोलली होती ती बायनाबाई.

सकाळी तिनं अगदी कडेची पात धरली. पुन्हा म्हणून पिच्चरचं नाव काढायचं नाही, असा कानाला खडा लावूनच ती घरून निघाली होती. अर्धी पात झाली तरी रानात नुसती वाळल्या पाल्याची खसखस. शेवटी कुसुमबाई आपली पात सोडून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आता सांगती का न्हाई?"

"काय सांगू, जाऊबाई? कळलं की समद्याला."

"म्हून तर सांग. आजवर आमी नुसतं कोण-कोण करत पळत व्हतो. आता मला ती म्हातारी पहिल्यापासून बघायचीय. दूध देताना कशी हसती, कंदील कुठं ठिवती, समदं. आन् त्या पोराचं यंदा नीट सांग."

बायनाबाईला हुंदकाच आला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी सुरुवातीपासून, सावकाश, सांगायला घेतलं. बंगल्याचं फाटक वाजलं. पुतण्या लंगडत आत आला. कोपऱ्यात पिशवी ठेवून तो सेठच्या पाया पडला आणि आत्याबाईनं मायेनं त्याला दुधाचा पेला दिला.

बायांचे हात बोंडांवर तसेच राहिले. अकरा वेचण्यांत असं कधी झालं नव्हतं. अख्खं रान थांबलेलं पाहून व्यंकटराव बांधावरून हाका मारत आले, "काय गं बायांनो, काय झालं?"

कुसुमबाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"गप ऱ्हावा मालक. लेकरू आत्ताच घरात आलंय."