जप्त केलेला नांगर

"उचल की रे ए ठाकरड्या! सरकारी डोंगर नांगरतोस? मग आता बैल हो."

असं म्हणून जंगलाच्या गार्डनं बाचाच नांगर बाच्या खांद्यावर ठेवला. चाकणच्या भर बाजारातनं त्याला जंगलखात्याच्या नाक्यापर्यंत चालवलं. कांदेवाले हसले. एकानं बैलाला करतात तसं "हुर्रर्र" केलं. मी आठ वर्षांची. मागनं चालत होते. बानं एकदा पण मान वर केली न्हाई.

नाक्यावर गार्डनं नांगर जप्त केला. पंचनामा लिहिला, बाचा अंगठा घेतला, एक प्रत त्याच्या अंगावर फेकली. असले कागद आमच्या वाडीत घरोघरी यायचे आणि घरोघरी चुलीत जायचे. अब्रू गेल्याचा कागद कोण जपणार? बा पण जाळायलाच निघालेला. आयनं हिसकावला आणि नाचणीच्या बियाण्यात खुपसला. आमच्या घरात बियाण्याला बाईच हात लावते.

आता मी कंपनीत ठेक्यावर आहे. आमचा डोंगर वनखात्यातून काढून गोदामांना द्यायचं घाटतंय. कायदा म्हणतो, आदिवासी आधीपासून कसत असेल तर पहिला त्याचा हक्क ठरवा. शिफ्ट बुडवून मी बाच्या नावानं दावा लावला. सुनावणीला खात्याकडनं कोण उभा? तोच गार्ड. आता सायेब झालाय, ढेरी सुटलीय.

"हे लोक तिथं कधी कसतच नव्हते," तो म्हणाला. "पुरावा काय यांच्याकडं?"

माझं डोकंच फिरलं. आयनं बियाण्यात जपलेला तो पंचनामा टेबलावर आपटला. सदर इसम या जागेत कित्येक वर्षं नाचणी करतो, असं त्यात लिहिलेलं. चारी बाजूंना कुणाकुणाची शेतं, ती शेजाऱ्यांची नावं पण लिहिलेली.

"सायेब, खालची सही तुमचीच न्हवं?"

तोंड असं पडलं त्याचं! खोटं कशाला बोलू, लई गार वाटलं.

"मूळ कागद इथं ठेवून जा," तो पुटपुटला.

"झेरॉक्स घ्या. मूळ माझ्याकडंच राहणार."

निकाल अजून लागलेला न्हाई. पण नुसत्या जमिनीवर माझं भागणार न्हाई. मला नांगर परत पायजे. त्याच नाक्यावरनं, त्याच बाजारातनं, त्या सायबाच्या खांद्यावर, बा बसलाय त्या आमच्या दारापर्यंत. आणि या खेपेला मी मागनं चालणार न्हाई.