वनाची खाण आणि लीलाधरबाग

धरणगाव स्टेशनापासून दीड कोसावरच्या खाणीत वना बारा वर्षं सुरुंग लावत होता. रुळांखाली पसरायची रेल्वेची खडी तिथूनच जाई. त्या बारा वर्षांत वनाने टेकडीचा खड्डा केला आणि टेकडीने वनाचा डावा कान घेतला. एका सुरुंगाने ऐन वेळी घाई केली, एवढंच निमित्त. तेव्हापासून त्याच्याशी बोलायचं असेल तर लोक फेरी मारून उजवीकडे येत. देवळाला घालावी तशी प्रदक्षिणाच ती. फक्त देव बिडी ओढणारा.

एकतीस साली खाण बंद झाली. त्या दिवशी लीलाधर ओव्हरसियर रुळांवरच्या ट्रॉलीवरून चालले होते. चार माणसं मागून ट्रॉली ढकलत होती, वारा सुटला होता आणि साहेबांचा एक हात टोपीवर होता. वना दिसताच ते ओरडले, "वना, आजपासून खाण राख!"

ट्रॉली गेली. साहेब डाव्या बाजूने गेले होते.

वनाच्या कानात पोचले ते दोनच शब्द. खाण, राख. अर्थ त्याने लगेच लावला. सरकारला पश्चात्ताप झाला! खणलेली जमीन बुजवायची, तीही राखेने! घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा तानुबाईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत गेली.

"सरकारले माया कधी उनी?" ती म्हणाली.

पण वनाला पटलं होतं. त्या खड्ड्याकडे पाहताना त्याला इतकी वर्षं चोरट्यासारखं वाटे. शेवटी तो त्यानेच फोडला होता. शिवाय दर महिन्याला स्टेशनवर पगार मिळत होता. म्हणजे काम बरोबरच चाललं होतं!

कपाशी भरून गाड्या स्टेशनला जात आणि रिकाम्या परतत. वनाने गाडीवानांना धरलं. स्टेशनात इंजिनं कोळशाच्या राखेचे ढीग टाकत. येताना एकेक खेप खाणीत रिती करायची. खाणीतून कोळसा निघतो हे जगाने ऐकलं आहे. खाणीत कोळसा जातो हे फक्त आमच्या धरणगावाकडे. परगावचे लोक काळ्या खेपा बघून विचारत, "इथे कोळसा सापडला का?" वना ऐटीत सांगे, "सापडेल नही, उलटा जमिनीत गाडी राहिनू!"

चार वर्षांनी तळ भरला. मग तळ्यातला गाळ आला, शेणखत आलं आणि वर हवी म्हणून गावच्या चुलींतली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची राख. वना रोज सकाळी टोपली घेऊन दारोदार. शेजारीण झुंबरबाई कावली.

"वनाभाऊ, आते चूलबी लई जाय! भांडा काय तुना डोकावर घासू?"

"साहेबना हुकूम शे, अक्का."

गावातली भांडी काळी पडत गेली आणि खाण हिरवी. एका कोपऱ्यात पाण्याचं डबकं ठेवलं होतं. त्याच्या पाण्यावर तीनशे केळी लागल्या. बांधावर वनाने दगड उभा करून शेंदूर फासला आणि त्यावर बागेचं नाव कोरून घेतलं: लीलाधरबाग.

बेचाळीस साली लढाईच्या धांदलीत खडी कमी पडली आणि साहेब आले. केस पिकलेले, चष्मा जाड. ते काठावर उभे राहिले. चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

"वना, माझी खाण कुठे आहे?"

"आठेच शे, साहेब. केळीसना खाले."

टोपी आपली आपण साहेबांच्या डोक्यावरून उतरली. "सोमवारी सुरुंगवाले येताहेत! हे कोणी करायला सांगितलं?"

"तुम्हीनच सांगेल व्हतं. खाण, राख!"

"अरे, राख म्हणजे सांभाळ! राखण कर!"

बाग जाणार, नोकरी जाणार, हे सगळं पाठोपाठ वनाच्या मनात आलंच. पण आधी भलतंच लागलं. "म्हणजे... सरकारले वाईट वाटेल नव्हतं?" त्याने विचारलं. अकरा वर्षं तो गावभर या माणसाचं कौतुक सांगत आला होता.

साहेब कपाळ धरून दगडावर टेकले. "मी दर महिन्याला वर लिहीत आलो, खाण जशीच्या तशी आहे म्हणून!"

तानुबाई घडाचा टेकू सरळ करत होती. मान न वळवता म्हणाली, "मंग तुम्हीन कोठली खाण देखी, भाऊ?"

अकरा वर्षांत साहेब इकडे एकदाही फिरकले नव्हते. नजर चुकवायला त्यांनी खाली पाहिलं, तर आपण आपल्याच नावाच्या शेंदरी दगडावर बसलो आहोत असं दिसलं. ते विंचू चावल्यासारखे उठले. तेवढ्यात वनाने बागेतला त्या मोसमाचा पहिला पिकलेला घड त्यांच्यापुढे ठेवला. हुकूम चुकला तरी घड साहेबांचाच होता.

साहेबांनी पाऊण घड संपवला. मग कागद काढून त्यांनी लिहिलं: जुन्या खाणीत दगड दिसत नाही, पलीकडच्या टेकाडात भरपूर आहे. यात एक अक्षरही खोटं नव्हतं; अकरा वर्षांत प्रथमच.

निघताना ते मुद्दाम वळसा घालून वनाच्या उजव्या बाजूला आले. "वना, आता ही बाग राख."

वना दचकला. "साहेब, आते नीट सांगा. टाकू का संभाळू?"

"सांभाळ रे बाबा! सांभाळ!"

त्या आठवड्यात झुंबरबाईच्या घरी सात वर्षांनी भांडी लख्ख झाली.