काठीला बोटं नसतात

आपला कोड फौजदारताईंकडे रिव्ह्यूला गेलाय म्हटलं की आमच्याकडे भल्याभल्यांची भूक मरायची. आमची चाकणची कंपनी पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस मशीनचे कंट्रोलर बनवते. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा पडदा असतो. त्यात हात शिरला की मशीनने तिथल्या तिथे थांबायचं. पडद्याचा हा निरोप मशीनपर्यंत पोचवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. त्यातली एक ओळ जरी बदलली, तरी ताईंनी वाचून अप्रूव्ह केल्याशिवाय ती मशीनवर चढत नसे. फौजदार हे त्यांचं आडनाव नव्हे, आम्ही दिलेली पदवी.

वाचून झालं की त्या खुर्ची मागे सारत आणि म्हणत, "चला खाली." खाली चाचणीचा प्रेस होता. ज्याने बदल केला त्याने चालू प्रेसच्या पडद्यात स्वतःचा हात घालायचा, मगच अप्रूव्हल. बाकी सगळीकडे याला काठी वापरतात. नवा असताना मी तसं सुचवूनही पाहिलं. "काठीला बोटं नसतात," ताई म्हणाल्या. जिना उतरता उतरता "ताई, एकदा परत बघून घेतो" म्हणून माघारी पळालेले कितीतरी जण मी पाहिलेत. त्या स्वतःचा हातही घालायच्या, हेही सांगायला हवं.

साहेबांचा, म्हणजे आमच्या मॅनेजरचा बदल आला की मात्र ताईंना वेगळाच हुरूप यायचा. एकेका ओळीखाली शेरा, "हे कुणाच्या सोयीसाठी?" उत्तर आलं की त्यावर पुन्हा शेरा. साहेब वैतागून यायचे. "मॅडम, किती अडवणार?" ताई शांतपणे डबा उघडायच्या. "त्याचाच पगार घेते, साहेब."

हे वैर कशाचं, ते सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. ताईंचा धाकटा भाऊ दत्ता परभणीहून आला, चिखलीला त्यांच्याकडेच राहिला आणि महाळुंग्याच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर लागला. प्रेसवर कंट्रोलर आमचाच. तेलाच्या वाफेने किरण तुटायचे, मशीन सारखं थांबायचं आणि मालक ओरडायचा. म्हणून साहेबांनी ड्रायव्हर बदलला. किरण क्षणभरच तुटला तर तिकडे लक्ष द्यायचं नाही. बदल त्यांनीच केला आणि अप्रूव्हही त्यांनीच केला. त्या क्षणभरात दत्ताच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कंपनीने गुपचूप जुना ड्रायव्हर परत बसवला आणि कामगाराचा निष्काळजीपणा म्हणून विषय मिटवला. ताई तेव्हा टेस्टिंगला होत्या. त्यांनी रडारड केली नाही की राजीनामा दिला नाही. ड्रायव्हरचा रिव्ह्यू तेवढा मागून घेतला. साहेबांना वाटलं, बाई गप्प बसली. ताईंना मात्र साहेबांच्या तोंडून, चार लोकांसमोर, एकच गोष्ट ऐकायची होती, की दत्ताची चूक नव्हती.

मागच्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाची तीच तक्रार आली, मशीन सारखं थांबतं. साहेबांनी तोच जुना बदल नवं नाव देऊन पाठवला. ताईंनी तो पहिल्याच वाचनात ओळखला. मी शेजारीच बसलो होतो. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं मला वाटलं होतं. त्या चक्क हसल्या.

"करते अप्रूव्ह," त्यांनी साहेबांना कळवलं. "पण खाली, डेमोला येणाऱ्या पाहुण्यांसमोर. नेहमीसारखं."

डेमोच्या दिवशी गिऱ्हाईक आलं, त्यांचे ऑपरेटर आले. ताईंनी गेटवर पाहुणा म्हणून नाव देऊन दत्तालाही आत आणलं होतं. प्रेस धाडधाड चालू झाला. "घाला हात, साहेब," ताई म्हणाल्या. साहेबांनी बाही वर केली. हात पडद्यापर्यंत गेला आणि मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा मागे आला. कपाळावर घाम. मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला बोलू? मजा वाटत होती.

"का हो, काय झालं?" ताईंनी विचारलं.

"थांबेलच असं नाही, मॅडम," साहेब पुटपुटले.

मागून दत्ताचा आवाज आला, "मंग माझ्या टायमाला मीच निष्काळजी कसा व्हतो, सायेब?"

कुणीतरी प्रेस बंद केला. सगळ्यांच्या नजरा दत्ताच्या हातावर होत्या. बाही खाली ओढत साहेब म्हणाले, "तुझी चूक नव्हती. माझी होती." गिऱ्हाईक चहा न घेताच गेलं. साहेबांना खरेदी खात्यात हलवलं. ती बातमी आली तेव्हा आमच्या टेबलावर कुणीतरी पेढे ठेवले होते. कुणी ते मला माहीत आहे, सांगणार नाही.

महिनाभरात ताईंनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी आम्ही गेटवर बसची वाट पाहत उभे होतो. जे ऐकायला त्या इतकी वर्षं थांबल्या, ते ऐकून झालं होतं. मी म्हटलं, "ताई, आता तरी शांत वाटत असेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाचता न येणारा माणूस आहे.

"कसलं शांत?" त्या म्हणाल्या. "साहेबांना हात मागे घ्यायला वेळ मिळाला."